काकांचा ओटीपी

वीस तारखेची संध्याकाळ, 22 थ्री-बी भरायच्या बाकी आणि काका चहाला गेलेले.

कर सल्लागाराच्या कार्यालयात ज्यांनी काम केलं आहे त्यांना एवढ्यावरूनच सगळं चित्र दिसेल. इतरांसाठी सांगते. जीएसटीचं थ्री-बी हे विवरणपत्र दर महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावं लागतं. भरताना शेवटी एक ओटीपी येतो, आणि तो येतो व्यापाऱ्याच्या नावापुढे नोंदवलेल्या मोबाइलवर. व्यापारी दुकानात गिऱ्हाईक सोडून आपला फोन उचलत नाही, म्हणून नोंदणी करतानाच कार्यालयातला कोणीतरी स्वतःचा नंबर टाकून देतो. हे सर्रास चालतं. आमच्याकडे तो 'कोणीतरी' म्हणजे काका. 2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा नोंदण्यांची घाई होती, काका ज्येष्ठ होते, त्यांचा नंबर सगळ्यांना पाठ होता. निम्म्याहून अधिक अशिलांचे ओटीपी त्यांच्या शर्टाच्या खिशात जाऊन पडले ते असे.

त्या संध्याकाळी नव्या मुलीने त्यांना सात फोन केले. काका सव्वाआठला आले आणि म्हणाले, "अगं, मला आधी सांगून ठेवायचं ना." तोवर पोर्टलचं चाक फिरायला लागलं होतं. तीन विवरणपत्रं राहिली. एका दिवसाची लेट फी प्रत्येकी 50 रुपये, म्हणजे एकूण दीडशे. दुसऱ्या दिवशी सरांसमोर काकांनी एवढंच म्हटलं, "पोरगी चांगली आहे हो, पण हाताला वेग नाही." ती मुलगी रडली नाही, भांडली नाही. पाच महिन्यांनी दुसरीकडे लागली. जाताना सरांनी तिला पेढे दिले.

मी त्या कार्यालयात नऊ वर्षं होते. नाशिकमध्ये, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, सात खुर्च्या आणि एक खिडकी. त्या नऊ वर्षांत काकांच्या बाजूच्या टेबलावर चार जण आले आणि गेले. प्रत्येक वेळी आम्ही आपसात एकच बोललो: काकांचा स्वभावच तसा आहे, जुळवून घेता आलं पाहिजे. आज मला वाटतं की त्या वाक्याचे दोन्ही तुकडे चुकीचे होते. तो प्रश्न स्वभावाचा नव्हता, आणि जुळवून घेण्याची जबाबदारी जिच्यावर आम्ही टाकली तिची तर मुळीच नव्हती.

छोट्या कार्यालयातल्या नोकरीच्या जाहिराती वाचून पाहा. 'घरासारखं वातावरण' हे शब्द हमखास असतात. पगाराचा आकडा नसतो, पण घर असतं. मला या घराबद्दल एक विचारायचं आहे. आपल्या घरांत, दोन माणसांचं पटत नाही तेव्हा जुळवून कोण घेतं? सासूला कोणी सांगत नाही, दिराला सांगत नाही. जी शेवटी आली तिला सांगतात. घरासारख्या कार्यालयात नवा माणूस हा सून असतो. त्याला घरच्या रीती शिकाव्या लागतात, कोणाचा कप कोणता हे लक्षात ठेवावं लागतं, आणि जुन्या माणसाच्या बोलण्यातला खवचटपणा प्रेम समजून गिळावा लागतो. वर पुन्हा, 'काका' म्हटलं की संपलंच. साहेबाची तक्रार करता येते, सहकाऱ्याची करता येते. काकांची तक्रार होत नाही, फार तर रुसता येतं. नात्याचे शब्द आपण आपुलकीने वापरतो हे खरं, पण तेच शब्द तक्रारीच्या दाराला कडीही घालतात.

मोठ्या कंपनीत हा त्रास नसतो असं मी म्हणत नाही. पण तिथे निदान टीम बदलून मागता येते, मजला बदलतो, मनुष्यबळ विभाग नावाचं एक टेबल असतं, ते निरुपयोगी असलं तरी असतं. सात खुर्च्यांच्या खोलीत कुठे बदली मागणार? खिडकीजवळ? तिथे काकाच बसायचे. माणूस दिवसातले नऊ तास समोर असतो. त्याच्या फोनवरच्या गप्पा आपल्या कानावर पडतात, त्याच्या डब्यातली भाजी आपल्याला माहीत असते. आणि डबा ही तर वेगळीच गोष्ट आहे. छोट्या कार्यालयाचं न्यायालय दुपारी दीडला डब्याभोवती भरतं. कोणाला "ये गं, लोणचं घे" म्हटलं आणि कोणाकडे बरणी सरकलीच नाही, यातून सगळे निकाल लागतात. त्या मुलीने तिसऱ्या महिन्यापासून डबा टेबलावर एकटीने, संगणकासमोर खायला सुरुवात केली. आम्ही म्हणालो, तिला कामाची फार आवड आहे.

काकांविषयी न्यायाने बोलायचं तर त्यांचीही बाजू सांगितली पाहिजे. 1 एप्रिल 2005 ला महाराष्ट्रात व्हॅट हा विक्रीवरचा कर आला आणि पुढची बारा वर्षं आमच्या कार्यालयाचा कणा काका होते. व्हॅटचा ऑडिट अहवाल, ज्याला सगळे नुसतं '704' म्हणायचे, तो भरणं म्हणजे महायज्ञ असे. त्याची एक्सेल शीट उघडायला संगणक दोन मिनिटं घ्यायचा. कोणत्या रकान्यात काय टाकलं की विक्रीकर भवनातून प्रश्न येतो, हे काकांना झोपेत माहीत होतं. अशील सरांना नव्हे, काकांना भेटायला यायचे. मग एका मध्यरात्री व्हॅट जवळजवळ सगळा गेला आणि जीएसटी आला. बारा वर्षांची विद्या एका रात्रीत रद्दीत निघाली, आणि तेविशीतली मुलं यूट्यूब बघून त्यांच्यापेक्षा आधी नवं पोर्टल शिकली. काकांच्या हातात उरला तो खिशातला मोबाइल. तो त्यांनी सोडला नाही, यात मला दुष्टपणा दिसत नाही, भीती दिसते. 52 व्या वर्षी आपली गरज उरली नाही असं वाटणाऱ्या माणसाने आपली गरज तयार केली, एवढंच.

पण भीती समजली म्हणून तिची किंमत दुसऱ्याने का मोजावी? आणि इथे मला सरांकडे यायचं आहे, कारण अशा गोष्टींत मालक नेहमी प्रेक्षकांत बसलेला दाखवतात. सर सज्जन होते. दिवाळीला बोनस वेळेवर, आजारपणात उचल. त्यांना काकांचं वागणं दिसत नव्हतं असं नाही. पण 31 जुलै आला की प्राप्तिकराची विवरणपत्रं, ती संपली की 30 सप्टेंबरचं टॅक्स ऑडिट, मग पुन्हा काही ना काही मुदत. काका ऑगस्टात निघून गेले तर अर्धे अशील त्यांच्यामागे जातील हा हिशेब सरांनी केलेला होता, आणि तो बरोबर होता. नवी मुलगी गेली तर काय जाणार? पेढ्यांचा खर्च. म्हणजे सरांनी कोणाची बाजू घेतली नाही असं जे ते म्हणायचे, ते खोटं होतं. दर महिन्याला, काहीही न करता, ते बाजू घेतच होते.

आणि मीही. मी दुसऱ्या नंबरची ज्येष्ठ होते. काकांचा राग त्या टेबलावर पडत होता तोवर माझ्या टेबलावर पडत नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. वीस तारखेच्या त्या संध्याकाळी काका खालच्या टपरीवर बसले आहेत हे मला खिडकीतून दिसत होतं. मी खाली जाऊन फोन आणू शकले असते. गेले नाही.

आता एक अडचणीची गोष्ट. 'त्रासदायक सहकारी' हे लेबल फार सहज चिकटतं, आणि पुष्कळदा ते चुकीच्या माणसाला चिकटतं. आमच्याच कार्यालयात एक जण होता. त्याला गृहकर्जासाठी पगाराच्या पावत्या हव्या होत्या. आमच्याकडे पगार पाकिटातून, पावती कसली? त्याने तीनदा मागितल्या. चौथ्यांदा लेखी मागितल्या. त्या दिवसापासून तो 'डोक्याला ताप' झाला, आणि हे नाव ठेवण्यात काका, सर आणि मी, तिघांचं एकमत होतं. जो रजेचा हिशेब विचारतो, जो रविवारी यायला नाही म्हणतो, जो चूक सरांच्या तोंडावर दाखवतो, तो छोट्या जागेत लगेच खुपतो. म्हणून त्रासदायक कोण हे गोडीवरून ठरवू नये. काही माणसं मुळात खडूस असतात. नमस्कार करत नाहीत, हसत नाहीत, पण फाइल मागितली की फाइल देतात, चुकलं तर कुठे चुकलं ते दाखवतात. अशांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यावं. उलट काका अत्यंत गोड होते. 'बाळा' शिवाय बोलायचे नाहीत. मी आता एवढंच पाहते की या माणसामुळे दुसऱ्याचं काम अडतं का, आणि अडल्याचा दोष अडलेल्यावर जातो का. या दोन्हींचं उत्तर हो असेल तर तो कितीही गोड असो, त्रासदायकच.

हे सगळं एका खोलीतलं भांडण म्हणून सोडून देता आलं असतं. पण देशातल्या बहुतेक कामाच्या जागा अशाच खोल्या आहेत. 2013-14 च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशभरात 5.85 कोटी आस्थापना मोजल्या गेल्या आणि त्यांत काम करणारी माणसं 13.13 कोटी. म्हणजे आस्थापनेमागे सरासरी सव्वादोन माणसं. यात एकट्याने चालवलेली दुकानंही आली, ते धरूनही चित्र स्पष्ट आहे. आणि आपले कामगार कायदे नेमके कुठे सुरू होतात? ग्रॅच्युइटी 10 माणसांपासून. भविष्य निर्वाह निधी 20 पासून. तक्रार निवारण समिती, जी तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात 2010 साली घातली गेली, तीही 20 कामगारांपासून. महाराष्ट्रात 1948 चा जुना दुकाने आणि आस्थापना कायदा लहानशा दुकानालाही लागू होता. त्याच्या जागी 2017 चा कायदा आला आणि 10 पेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेने फक्त सरकारला कळवायचं, एवढंच उरलं. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही रेघ 20 वर न्यायलाही मंजुरी दिली. व्यवसाय सुलभ व्हावा म्हणून. आमच्यासारख्या सात खुर्च्या तर आधीपासूनच रेघेच्या बाहेर होत्या, आता एकोणीस खुर्च्या आमच्या सोबतीला.

या रेघेमागचा विचार मला कळतो. इन्स्पेक्टर दारात आला की काय काय होतं ते मी पाहिलेलं आहे, दिवाळीच्या आधी तो हटकून यायचा. छोट्या माणसाला रजिस्टरांच्या ढिगाऱ्यातून सोडवलं ते बरंच झालं. पण रजिस्टर ठेवण्यातून सुटका वेगळी आणि माणसाला दाद मागायला जागा नसणं वेगळं. या दोन गोष्टी आपण एकाच रेघेने कापल्या.

एका कायद्याने मात्र तसं केलं नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा 10 किंवा अधिक माणसांच्या जागेला अंतर्गत समिती नेमायला सांगतो. 10 पेक्षा कमी असतील तर? तिथे तो 'मग सोडून द्या' म्हणत नाही. तिथल्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावं असं म्हणतो. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तरीही तिथेच. कायदा लिहिणाऱ्यांनी एक साधी गोष्ट ओळखली होती की सात माणसांच्या खोलीत समिती नेमली तर तिच्यात बसणार कोण? काका, सर आणि मी! म्हणून तक्रार खोलीबाहेर नेली पाहिजे. ही अक्कल आपण एकाच प्रकारच्या त्रासापुरती वापरली आणि थांबलो. तीही नीट वापरली असं नाही. ओळखीच्या दहा-बारा कार्यालयांतल्या बायकांना मी विचारलं, आपल्या जिल्ह्याची ही समिती कुठे बसते? एकीलाही सांगता आलं नाही. दोघींनी तर असं काही असतं हेच पहिल्यांदा ऐकलं.

लैंगिक नसलेल्या छळाला, म्हणजे रोजच्या पाणउताऱ्याला, माहिती दाबून एखाद्याला तोंडघशी पाडण्याला आपल्याकडे सरळ लागू होईल असा सर्वसाधारण कायदा नाही. स्वीडनने 1993 सालीच कामाच्या ठिकाणच्या अशा वागणुकीवर नियम केले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 मध्ये हिंसा आणि छळाविषयीचा 190 क्रमांकाचा करार केला, तो आपण अजून स्वीकारलेला नाही. मला या सगळ्यांत जपानचं उदाहरण जवळचं वाटतं. वरिष्ठाने पदाच्या जोरावर केलेल्या छळाला आळा घालण्याची जबाबदारी त्यांनी 2020 मध्ये मोठ्या कंपन्यांवर टाकली आणि छोट्यांना वेळ दिला. वेळ दिला, सूट नाही. 2022 च्या एप्रिलपासून छोटे उद्योगही त्यात आले.

मला आपल्याकडे लगेच नवा कायदा हवा असं नाही. तो आला तर आणखी एक पोर्टल येईल आणि त्याचाही ओटीपी कोणाच्या तरी खिशात जाईल. मला हवं आहे ते लहान आहे. प्रत्येक गावात व्यापारी संघटना आहे, कर सल्लागारांची, डॉक्टरांची, वकिलांची संघटना आहे. त्या व्याख्यानं ठेवतात, सहली काढतात, क्रिकेटचे सामने भरवतात. त्यांनी दोन निवृत्त, कोणाच्या घेण्यादेण्यात नसलेली माणसं नेमावीत, आणि सभासदांच्या कार्यालयांतल्या कोणालाही त्यांच्याशी जाऊन बोलता यावं. शिक्षा करायचा अधिकार त्यांना नको. त्यांनी मालकाला फोन करून "तुमच्याकडे चार वर्षांत त्याच खुर्चीवरून तिसरं माणूस गेलं, काय चाललंय?" एवढं विचारलं तरी पुष्कळ आहे. आमच्या सरांना हा प्रश्न बाहेरच्या कोणी विचारला असता तर ते खजील झाले असते. आतून तो विचारायची सोय नव्हती.

यावर एका मित्राचं म्हणणं असं की छोट्या मालकाला आधीच नाकी नऊ आले आहेत, त्यात तुम्ही त्याला चौकशीला उभं करणार. मी उलट म्हणेन. काकांनी सर्वांत जास्त अडवून ठेवलं होतं ते सरांनाच. नऊ वर्षांत सर एकदाही चार दिवसांच्या वर गावाला गेले नाहीत. बँकांकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये बँकांना सांगितलं की संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा किमान 10 कामाचे दिवस, आधी न कळवता, सक्तीने रजेवर पाठवा. हेतू अफरातफर उघडी पडण्याचा. पण सात खुर्च्यांच्या कार्यालयात दहा दिवस काका नसते तर काय काय उघडं पडलं असतं! कोणते ओटीपी कुठे जातात, कोणाचे पासवर्ड कुठल्या वहीत आहेत, कोणाला काय येतं आणि आजवर कोणी करू दिलं नाही. आणि कदाचित काकांनाही कळलं असतं की दहा दिवसांनंतर आपली खुर्ची जागेवर आहे, अशील आपली चौकशी करत होते, ओटीपीवाचूनही माणूस लागतो.

तसं काही झालं नाही. काका एका पावसाळ्यात पाय घसरून पडले, दीड महिना घरी होते. पहिल्या आठवड्यात सर रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या पलंगाशी बसून ओटीपी विचारायचे आणि आम्हाला फोनवर सांगायचे. दुसऱ्या आठवड्यात काकांच्या मुलाने एक यादी करून दिली आणि मी आणि आर्टिकलशिपचा, म्हणजे सीएची उमेदवारी करणारा, एक मुलगा बसून नंबर बदलू लागलो. लॉगिन हातात असलं की एकेक नंबर बदलायला फार वेळ लागत नाही. शेवटच्या पाच-सहांचे पासवर्डच सापडेनात, त्यांच्यासाठी कागद घेऊन जीएसटी अधिकाऱ्याकडे खेटे घातले. एकूण चार दिवसांचं काम. इतकी वर्षं ते कोणी केलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली आणि स्वतःचं काम सुरू केलं. आता माझ्याकडे तीन जण आहेत, चौथी मी. जाहिरातीत 'घरासारखं वातावरण' मी लिहिलं नाही. सगळे मला 'मॅडम' म्हणतात, 'ताई' म्हणू नका असं मीच सांगितलं आहे, ते थोडं कोरडं वाटतं खरं.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्याकडच्या सर्वांत नव्या मुलीला मी सगळ्या अशिलांची यादी करायला सांगितली: नाव, पासवर्ड कोणाकडे, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर. तिने दोन दिवसांत केली. यादी माझ्यासमोर ठेवताना ती जरा घुटमळली. 34 नावं होती. त्यांतल्या 19 नावांपुढे माझा नंबर होता.


मी म्हटलं, "बस, आत्ताच बदलू." ती म्हणाली, "मॅडम, आज वीस तारीख आहे."